घटस्फोट न्यायालयात, घराची वाटणी मात्र खरेदीखतावर

बंगळुरू : दोन पगार, एक गृहकर्ज आणि दोघांच्या नावावरची एक सदनिका, हे बंगळुरूतील नोकरदार कुटुंबाचे आजचे परिचित चित्र आहे. संसार सुरळीत असतो तोवर त्या सदनिकेत कोणाचा वाटा किती, हा प्रश्न कोणी विचारत नाही. विवाह मोडला की तोच प्रश्न सर्वांत अवघड होऊन बसतो. घटस्फोटाच्या वेळी घर पती-पत्नीत निम्मे-निम्मे वाटून द्यावे, असा सर्वसाधारण नियम भारतीय कायद्यात नाही, हे अनेक दाम्पत्यांना तेव्हाच प्रथम कळते.

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ मधील कलम २७ मालमत्तेविषयी आहे, परंतु त्याची कक्षा अरुंद आहे. विवाहाच्या वेळी किंवा त्या सुमारास भेट मिळालेल्या आणि पती-पत्नींच्या संयुक्त मालकीच्या असू शकणाऱ्या मालमत्तेबाबत न्यायालय घटस्फोटाच्या हुकूमनाम्यातच तरतूद करू शकते. विवाहानंतर काही वर्षांनी कर्ज काढून घेतलेली सदनिका या चौकटीत सहजी बसत नाही. विशेष विवाह अधिनियम, १९५४ मध्ये तर असे कलमच नाही. देशभरातून आलेले तरुण-तरुणी जेथे एकत्र येतात आणि नोंदणी पद्धतीने विवाह करतात, त्या बंगळुरूसारख्या शहरात ही उणीव अधिक जाणवते.

पोटगीची तरतूद दोन्ही कायद्यांत आहे. कायमस्वरूपी पोटगी ठरवताना न्यायालय उभयतांचे उत्पन्न व मालमत्ता विचारात घेते, आवश्यक तेथे पोटगीच्या रकमेचा बोजा स्थावर मालमत्तेवर चढवू शकते. मात्र पोटगी हा निर्वाहाचा हक्क आहे, मालकीचा नव्हे. कर्नाटक उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांच्या खंडपीठाने डिसेंबर २०२४ मध्ये हा भेद स्पष्ट केला. विभक्त झालेल्या जोडीदाराच्या संपत्तीशी बरोबरी साधणे हा पोटगीचा हेतू नाही, असे खंडपीठाने म्हटले.

हप्ते कोणी भरले?

मग घराचा वाद सोडवायचा कशाच्या आधारे? कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम ७ नुसार पती-पत्नींमधील मालमत्तेचे वाद कौटुंबिक न्यायालयातच चालतात. पण तेथे लागू होणारे नियम विवाहाच्या कायद्यातले नसतात. ते मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मधील असतात आणि दोन भागीदारांना किंवा दोन भावांना लागू व्हावेत तसेच ते पती-पत्नींना लागू होतात. या अधिनियमाचे कलम ४५ सांगते, की दोघांनी स्वतंत्र पैशातून मालमत्ता घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर ज्याने जितका पैसा घातला तितका त्याचा हिस्सा. तसा पुरावा नसेल, तर दोघांचे हिस्से समान मानले जातात.

या नियमाचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणावरून लक्षात येईल. समजा, एका दाम्पत्याने १ कोटी २० लाख रुपयांची सदनिका घेतली. सुरुवातीच्या ३० लाखांपैकी २० लाख पतीने आणि १० लाख पत्नीने दिले. उरलेल्या ९० लाखांचे कर्ज दोघांच्या नावावर आहे. हप्ता पतीच्या खात्यातून जातो. पत्नीचा पगार किराणा, मुलांची शाळा, वीजबिल आणि आजारपण यांवर खर्च होतो. काही वर्षांनी घराची किंमत १ कोटी ८० लाख झाली, कर्ज ६० लाख उरले. म्हणजे वाटून घेण्याजोगे मूल्य १ कोटी २० लाख. हिस्से समान मानले तर प्रत्येकाला ६० लाख मिळतील. मात्र व्याज बाजूला ठेवून केवळ घातलेली मुद्दल मोजली, तर पतीचे ५० लाख आणि पत्नीचे १० लाख होतात. या पाचास एक प्रमाणाने पत्नीच्या वाट्याला २० लाखच येतात. दोघांनी मिळून एकच संसार चालवलेला असतो, फक्त एकाच्या पैशाची नोंद बँकेत राहते आणि दुसऱ्याचा पैसा खर्च होऊन जातो.

न्यायालये या गणिताकडे नेहमीच यांत्रिकपणे पाहतात असे नाही. मुंबईतील एका घराच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये महत्त्वाचा निर्वाळा दिला. मालमत्ता पती-पत्नींच्या संयुक्त नावावर असेल, तर हप्ते आपणच भरले एवढ्या कारणावरून पती एकट्याने संपूर्ण मालकी सांगू शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याआधी जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल पुढे टाकले होते. गृहिणीच्या श्रमामुळेच पतीला निर्वेधपणे कमावता येते, म्हणून त्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत तिचाही समान वाटा आहे, अशी भूमिका त्या निकालात होती. हे दोन्ही निकाल कर्नाटकातील न्यायालयांवर बंधनकारक नाहीत. युक्तिवादात त्यांचा आधार घेता येतो, इतकेच.

नाव एकाचे, वास्तव्य दोघांचे

खरेदीखतावर एकाचेच नाव असेल तर दुसऱ्याची बाजू आणखी कमकुवत होते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ पत्नीला सामायिक घरात राहण्याचा हक्क देतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये या हक्काचा विस्तार केला. सामायिक घर पतीच्याच मालकीचे असले पाहिजे असे नाही, ते सासू-सासऱ्यांच्या नावावर असले तरी चालेल, असा तो निर्णय होता. तथापि हा निवासाचा हक्क आहे. त्यातून मालकीतला हिस्सा निर्माण होत नाही.

उलट परिस्थितीही आढळते. मुद्रांक शुल्कातील किंवा कर्जावरील व्याजदरातील सवलतीचा विचार करून अनेक ठिकाणी घर पत्नीच्या नावावर घेतले जाते आणि पैसा पतीचा असतो. बेनामी व्यवहारविषयक कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ज्ञात उत्पन्नातून जोडीदाराच्या नावावर केलेली खरेदी बेनामीच्या व्याख्येतून वगळली आहे. त्यामुळे पतीला दावा सांगण्याची वाट मोकळी राहते. मात्र ते घर पत्नीला दिलेली भेट होती की तिचे नाव केवळ कागदापुरते होते, हे अखेर पुराव्यावरच ठरते.

मध्यस्थीतली तडजोड आणि तिच्यापुढचे अडथळे

दिवाणी पद्धतीने घराचे वाटप करायचे झाले तर दोन खोल्या एकाला, दोन दुसऱ्याला, असे होत नाही. वाटप अधिनियम, १८९३ नुसार अशा वेळी न्यायालय विक्रीचा आदेश देऊ शकते किंवा एका सहमालकाला दुसऱ्याचा हिस्सा ठरलेल्या मूल्याने विकत घेऊ देते. त्यात वर्षे जातात आणि हप्ते चालूच राहतात. त्यामुळे तडजोडीकडे कल असतो. बंगळुरूच्या एच. सिद्धय्या रस्त्यावरील ‘न्याय देगुल’ संकुलात मध्यस्थी केंद्र आहे. परस्पर संमतीच्या घटस्फोटात घर कोणी ठेवायचे, दुसऱ्याला किती रक्कम द्यायची आणि कर्ज कोणी फेडायचे, या अटी अशा मध्यस्थीत लिहिल्या जातात.

या अटी बँकेवर मात्र बंधनकारक नसतात. सहकर्जदार म्हणून सही केलेली व्यक्ती घटस्फोटानंतरही संपूर्ण कर्जाला जबाबदार राहते. घर ठेवणाऱ्याने हप्ते चुकवले तर बँक दुसऱ्याच्याही दारी येऊ शकते. एकट्याच्या पगारावर बँकेने कर्ज नव्याने मंजूर केले, तरच सहकर्जदाराची सुटका होते. ‘बी खाता’ असलेल्या मालमत्तांना अनेक बँका कर्ज देत नाहीत. अशा घरात जोडीदाराचा हिस्सा विकत घेण्यासाठी पैसा उभा करणेच कठीण होते. ऑक्टोबर २०२४ पासून बंगळुरूत मालमत्तेच्या दस्तनोंदणीसाठी ई-खाता आवश्यक झाला आहे. त्यामुळे नोंदी अपुऱ्या असल्यास ठरलेली तडजोडही रखडते.

खर्चाचा मुद्दाही लहान नाही. कर्नाटकात ४५ लाखांहून अधिक मूल्याच्या मालमत्तेवर ५ टक्के मुद्रांक शुल्क आहे आणि ३१ ऑगस्ट २०२५ पासून नोंदणी शुल्क १ टक्क्यावरून २ टक्के झाले आहे. वरील उदाहरणातील निम्मे घर, म्हणजे ९० लाखांचा हिस्सा, खरेदीखताने हस्तांतरित केला तर उपकर व अधिभार सोडून ६ लाख ३० हजार रुपये द्यावे लागतील. पती-पत्नींमधील बक्षीसपत्राला राज्यात शुल्काची सवलत आहे, पण घटस्फोटाचा हुकूमनामा झाल्यावर ते नाते उरत नाही. म्हणून हस्तांतरण हुकूमनाम्यापूर्वी की नंतर, हा क्रमही महत्त्वाचा ठरतो. ज्या मालमत्तेविषयी दावा आहे, तिच्याबाबत न्यायालयात नोंदवलेल्या तडजोडीच्या हुकूमनाम्याला नोंदणी अधिनियमाच्या कलम १७ मध्ये सूट आहे. मुंबईतील एका सदनिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये घटस्फोटित दाम्पत्याला या तरतुदीचा लाभ दिला.

घर हेच पोटगीच्या जागी देण्याचा मार्गही वापरला जातो. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ऑगस्ट २०२५ मध्ये एका दाम्पत्याचा विवाह संपुष्टात आणला. त्या वेळी पतीने देऊ केलेली मुंबईतील सदनिका पत्नीला देऊन आर्थिक वाद कायमचा मिटवण्यात आला. असे निर्णय त्या त्या प्रकरणापुरते असतात. त्यातून सर्वांसाठी नियम तयार होत नाही.

गोव्याचा वेगळा मार्ग

महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या सीमेला लागून असलेल्या गोव्यात मात्र असा नियम आहे. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली व्यवस्था आजही लागू आहे. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक मानली जाते आणि विवाह संपल्यास दोघांना निम्मा वाटा मिळतो. एकाला दुसऱ्याच्या संमतीविना स्थावर मालमत्ता विकता येत नाही. वेगळी व्यवस्था हवी असेल, तर दाम्पत्याला ती आधीच निवडावी लागते. उर्वरित भारतात विभक्त मालकी हेच गृहीत धरले जाते आणि संयुक्त मालकी कागदाने सिद्ध करावी लागते. गोव्यात हे गृहीतक उलटे आहे.

देशपातळीवर बदलाचा प्रयत्न झाला नाही असे नाही. विवाह कायदे दुरुस्ती विधेयक राज्यसभेने २६ ऑगस्ट २०१३ रोजी संमत केले. विवाह दुरुस्त न होण्याइतका मोडला असल्यास घटस्फोट देताना पतीच्या स्थावर मालमत्तेचा विचार करून पत्नीला भरपाई द्यावी, अशी तरतूद त्यात होती. ती केवळ पत्नीपुरती असल्याने पुरुषांच्या संघटनांनी तिला विरोध केला. लोकसभेत विधेयक पुढे सरकले नाही आणि २०१४ मध्ये सभागृहाची मुदत संपताच ते व्यपगत झाले. विधी आयोगाने ३१ ऑगस्ट २०१८ च्या विचारपत्रात अधिक समतोल मांडणी केली. विवाहानंतर मिळवलेली मालमत्ता दाम्पत्याचा एक घटक मानावी, घरकामाच्या श्रमाला त्यात मोल द्यावे, परंतु वाटणी प्रत्येक वेळी समसमानच व्हावी असे बंधन नसावे, असे आयोगाने सुचवले होते. संसदेने त्यावर अद्याप कायदा केलेला नाही.

तोवर निर्णायक ठरणार आहे तो कागद. दोघांची नावे आणि प्रत्येकाचा हिस्सा खरेदीखतात स्पष्ट लिहिणे, सुरुवातीच्या रकमेची नोंद ठेवणे आणि हप्ता संयुक्त खात्यातून भरणे, एवढी दक्षता उभयतांना पुढील अन्यायापासून बरीचशी वाचवू शकते. मात्र ज्या जोडीदाराकडे पगारच नाही आणि ज्याचे योगदान केवळ घर सांभाळण्याचे आहे, त्याला ही दक्षताही उपयोगी पडत नाही. त्याच्या श्रमाची नोंद कोणत्याही बँकेत होत नाही. ती कायद्यात व्हावी काय, हा २०१३ पासून अनुत्तरित असलेला प्रश्न संसदेलाच सोडवावा लागेल.