परतीच्या तिकिटाचा हिशेब

गेल्या महिन्यात नातीबरोबर घरी ‘गमन’ पाहिला. मुझफ्फर अलींचा हा पहिला चित्रपट १९७८ सालचा. मी तेव्हा कॉलेजात होतो. चित्रपट संपल्यावर नातीने विचारले, ‘‘आजोबा, तो स्टेशनवर आला होता ना? मग घरी का गेला नाही?’’ मी म्हणालो, ‘‘पैसे नव्हते गं.’’ ती म्हणाली, ‘‘होते की! त्याने साठवले होते.’’ पोरीचे बरोबर होते. पैसे होते. रात्री बराच वेळ झोप आली नाही.

गोष्ट अगदी साधी आहे. उत्तर प्रदेशातला गुलाम हसन आजारी आईला आणि बायकोला, खैरुनला, गावी ठेवून मुंबईला येतो. गावचा मित्र लल्लूलाल इथे टॅक्सी चालवत असतो. त्याच्या आधाराने गुलाम आधी टॅक्सी धुतो, मग चालवायला लागतो. फारुख शेख यांचा गुलाम कुणावर आवाज चढवत नाही आणि स्मिता पाटीलची खैरुन बोलते त्याहून अधिक वाट पाहते. जयदेव यांना या चित्रपटाच्या संगीतासाठी आणि छाया गांगुलींना गायनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. त्याच वर्षी ‘त्रिशूल’ही आला होता. त्यातला नायक रिकाम्या हाताने शहरात येतो आणि बघता बघता टोलेजंग इमारती उभ्या करतो. आम्ही तरुणांनी शिट्ट्या वाजवल्या त्या ‘त्रिशूल’ला. ‘गमन’ पाहून मात्र मुकाट्याने घरी आलो.

शेवटी गुलाम गावी जायला निघतो. स्टेशनवर येऊन मनाशी हिशेब मांडतो. साठवलेल्यातले निम्म्याहून जास्त पैसे प्रवासातच जाणार, मग घरच्यांच्या हातावर काय ठेवायचे? आणि तो जात नाही. गरिबाच्या गावाचे अंतर मैलांत मोजायचे नसते, ते भाड्यात मोजायचे असते, एवढेच हा चित्रपट सांगतो.

हे उत्तर मला फार पूर्वीपासून ठाऊक होते. माझे वडील कोकणातले चाकरमानी. लालबागच्या एका खोलीत पंधरा-वीस जणांत राहिले, खानावळीत जेवले, गिरणीत पाळ्या केल्या. महिन्याला गावी मनीऑर्डर जाई. आजी आजारी असल्याची तार आली तेव्हा पगाराला आठवडा बाकी होता. कुणाकडून उसने घेऊन निघाले असते तर गावी औषधाला काही उरले नसते. वडील पगारासाठी थांबले आणि गावी पोचले ते दहाव्याला. त्यावर ते जन्मात एक अक्षर बोलले नाहीत.

अशा माणसाचा मुलगा बँकेत अधिकारी झाला. १९८०च्या दशकात आमच्या शाखेबाहेरच्या स्टँडवरचा एक टॅक्सीवाला बचत खाते उघडायला आला. तोही उत्तरेकडचाच. अर्जावर जुन्या खातेदाराची ओळखीची सही लागे. तो म्हणाला, ‘‘साहब, आप तो रोज देखते हैं, आप ही पहचान लीजिए.’’ माझे स्वतःचे खाते त्याच शाखेत होते. सही करायला कुठलाच नियम आडवा येत नव्हता. मी मात्र नियमावर बोट ठेवले आणि ‘‘कुणाला तरी घेऊन या’’ म्हणालो. तो हसला, नमस्कार करून गेला, पुन्हा आला नाही. त्याचे पैसे पुढे कोणत्या वाण्याच्या गल्ल्यात राहिले आणि त्यातले किती गावी पोचले, कोण जाणे! वडिलांना मी हे कधी सांगितले नाही.

‘गमन’नंतर एकाच वर्षाने, १९७९ साली, संसदेने आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी कायदा केला. कंत्राटदाराने मजुराला येण्याचे आणि परत जाण्याचेही भाडे द्यावे, अशी तरतूद त्यात होती. गुलामसारखा टॅक्सीवाला त्यात बसत नव्हता, पण निदान परतीचे भाडे हा मजुराचा हक्क आहे, हे कागदावर तरी आले. पुढे ४१ वर्षांनी टाळेबंदी आली आणि कागद कागदच राहिला. ८ मे २०२०च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर थकून झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून भुसावळच्या दिशेने चालत निघालेली मध्य प्रदेशातली माणसे होती ती. रुळांवर त्यांच्या चपला आणि पोळ्या विखुरल्या होत्या. वाटेत असे किती मजूर मेले, याची आकडेवारी आपल्याकडे नाही, असे त्याच सप्टेंबरात सरकारने संसदेत सांगितले. आयुष्यभर आकडे मांडलेल्या माझ्यासारख्याला ते उत्तर फार लागले.

आता जनधन खाते उघडायला ओळखदार लागत नाही. मोबाइलवरून पैसे क्षणात गावी जातात. पैसे गेले तरी माणसाचे जाणे अजून तितके सोपे झालेले नाही. आपण मात्र सहज म्हणतो, ‘‘हे लोंढे येतात कशाला?’’ हे विचारणाऱ्यांपैकी कितीजणांचे आजोबा वळकटी घेऊन बोटीने किंवा एसटीने याच शहरात उतरले होते, ते एकदा घरात विचारून पाहावे. सुताराला, रंगाऱ्याला, इमारतीच्या वॉचमनला ‘‘गावी शेवटचे कधी गेला होतात?’’ असेही विचारावे. उत्तर ऐकून जमल्यास सुट्टीबरोबर भाड्याचे पैसेही द्यावेत. ते दान नव्हे, देणेच आहे.

दुसऱ्या दिवशी नातीला मी पणजोबांची तार आणि तो आठवडा सांगितला. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘‘मग तुम्ही त्या टॅक्सीवाल्याला सही का नाही दिली?’’

याला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हते.