पाणी, धूळ आणि फोनवरचे दोन आकडे

मृग नक्षत्र जवळ आले की छत्र्या, रेनकोट आणि शेतातल्या खोळींबरोबर अलीकडे मोबाईलच्या जाहिरातीही ओल्या होऊ लागतात. कुठे फोन बादलीत बुडवलेला, कुठे नळाखाली धरलेला, कुठे चिखलातून काढून धुतलेला. खाली ठळक अक्षरांत 'आयपी ६८' नाहीतर 'आयपी ६९'. निपाणीकडच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे, "मुलासाठी फोन घ्यायचा आहे. दुकानदार म्हणतो, हा आकडा असलेला घ्या, पाच हजार जास्त पडतील पण पावसाची काळजी नको. घालावेत का?" प्रश्न साधा आहे, पण पाच हजार ही रक्कम साधी नव्हे. तेव्हा आज या आकड्यांविषयीच.

'आयपी' हे कुठल्या कंपनीचे नाव नाही. विजेवर चालणाऱ्या वस्तूच्या आवरणातून बाहेरचे काय आणि किती आत शिरू शकते, हे सांगणारे ते आंतरराष्ट्रीय मोजमाप आहे. रस्त्यावरच्या दिव्यापासून विहिरीवरच्या मोटारीपर्यंत सगळ्यांना ते लागू पडते आणि भारतीय मानक ब्युरोनेही तेच स्वीकारले आहे. पुढच्या दोन आकड्यांपैकी पहिला धुळीचा, तो ६ पर्यंत जातो. दुसरा पाण्याचा, तो ९ पर्यंत. आकड्याच्या जागी इंग्रजी 'एक्स' असेल तर त्या बाबतीत काही सांगितलेले नाही, एवढाच अर्थ.

लोक दुसरा आकडा पाहून फोन घेतात. आपल्या भागात पहिला आधी पाहायला हवा.

ही धुळीची परीक्षा कशी घेतात ते गमतीचे आहे. बंद पेटीत शंखजिऱ्याची बारीक पूड, म्हणजे आपण तोंडाला लावतो तसली पावडर, उडवत ठेवतात आणि त्यात ती वस्तू तासन्‌तास ठेवतात. ६ आकड्यासाठी आतली हवा ओढून घेऊन पूड आत खेचली जाते का तेही पाहतात. आत कणही गेला नाही तर ६. थोडी धूळ गेली, पण कामात बिघाड झाला नाही तर ५. म्हणजे 'आयपी ५४' लिहिलेल्या फोनमध्ये धूळ शिरतच नाही असे नाही, शिरूनही तो चालतो असा त्याचा दाखला.

पण आपल्याकडची धूळ म्हणजे काही पावडर नव्हे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत चाळणीखाली उडणारी भुकटी घ्या. तंबाखूचे रान उसाने बरेच खाल्ले असले तरी वखारीत काम करणाऱ्या बायका आजही ती धूळ नाकातोंडात घेतात, आणि त्यांच्या कमरेच्या पिशवीतला फोनही घेतो. उद्यमबागेतल्या फौंड्रीत साच्याची रेती असते आणि ग्राइंडिंगची लोखंडी भुकटीही. फोनच्या स्पीकरमध्ये लोहचुंबक असतो, त्यामुळे ही भुकटी जाळीवर जाऊन चिकटते आणि हळूहळू आवाज बसतो. वडगाव, खासबागेतल्या यंत्रमागांवर सुताची तूस उडते. ती चार्जिंगच्या भोकात दाबली जाऊन तिची घट्ट गादी तयार होते. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर किंवा कुर्ली-आप्पाचीवाडीच्या हालसिद्धनाथाच्या यात्रेत उधळलेला भंडारा किती बारीक असतो, हे यात्रेहून आल्यावर कपडे धुणाऱ्या बाईला विचारावे. खिशात चुन्याची डबी आणि तंबाखूची पुडी फोनच्या शेजारी ठेवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ६ हा आकडा फोनच्या पोटात धूळ जात नाही एवढे सांगतो. चार्जिंगचे भोक आणि स्पीकरची जाळी बाहेरच्या बाजूला उघडीच असतात, तिथे धूळ बसायची ती बसतेच. आपल्याकडे 'फोन चार्जच होत नाही' म्हणून दुरुस्तीला नेलेल्या कितीतरी फोनांत दोष असतो तो एवढाच. फोन बंद करून मऊ, कोरड्या ब्रशने किंवा लाकडी दातकोरण्याने हलक्या हाताने तूस काढली की काम होते. सुई, टाचणी मात्र घालू नये, आतल्या पिना वाकतात.

आता पाणी. ४ म्हणजे चहूबाजूंनी उडणारे शिंतोडे सोसेल. ५ आणि ६ म्हणजे नळीतून मारलेला फवारा. ६ च्या परीक्षेत मिनिटाला १०० लिटर पाणी अंगावर सोडतात. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ८ म्हणजे त्याहून कडक परीक्षा, पण किती खोल आणि किती वेळ हे कंपनीनेच सांगायचे असते. त्यामुळे दोन फोनांवरचा ८ सारखा नसतो. २०१६ च्या सॅमसंग एस ७ चा ८ दीड मीटरचा होता, तर २०२० च्या आयफोन १२ चा सहा मीटरचा. ९ ही परीक्षा ८० अंश गरम पाण्याच्या जोरदार झोताची. गाड्या धुण्याच्या यंत्रासमोर फोन धरायची सवय कुणाला असेल तर त्याने जरूर ९ घ्यावा!

बुडवण्याची परीक्षा उत्तीर्ण झालेला फोन फवाऱ्याच्या परीक्षेत उत्तीर्ण होईलच असे नाही, हे पुष्कळांना माहीत नसते. त्या परीक्षा वेगळ्या आहेत. म्हणूनच काही फोनांवर ६६, ६८, ६९ असे तीन-तीन आकडे छापतात. निपाणीहून बेळगावपर्यंत हायवेने पाऊणशे किलोमीटर दुचाकीवर पावसात येणाऱ्याला लागते ते शिंतोड्यांपासूनचे आणि फवाऱ्यापासूनचे संरक्षण. फोन खिशात आणि वर रेनकोट असेल तर ४ सुद्धा पुरतो. हँडलवर उघडा अडकवून रस्ता पाहत येणार असाल तर गोष्ट वेगळी.

आणि हे सगळे आकडे मिळतात ते नव्या कोऱ्या फोनला, प्रयोगशाळेत, स्वच्छ गोड्या पाण्यात. घाम गोडा नसतो. साबणाच्या पाण्याचा ताण कमी असतो, ते बारीक फटीत सहज घुसते. वाफ तर त्याहून चपळ. उन्हात तापलेला फोन गार पाण्यात पडला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढले जाते. फोनच्या कडेने गोंदाची पट्टी असते, सिमच्या कप्प्याला रबराची कडी आणि माइकवर हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा पातळ पडदा. दोन वर्षांच्या वापराने, पडण्या-आपटण्याने हे सगळे सैल पडते. फोनवर छापलेला आकडा मात्र तसाच राहतो.

पडदा फुटला की तर बघायलाच नको. दुरुस्तीवाला फोन गरम करून तो गोंद सोडवतो, पडदा बदलतो आणि ट्यूबमधला गोंद लावून, रबर बांधून ठेवून देतो. काम चांगले असते, त्याच्या हाताला दोष नाही. पण मूळची बंद कड परत तशीच बसली की नाही हे तपासायचे यंत्र बहुतेक दुकानांत नसते. एकदा उघडलेल्या फोनचा पाण्याचा आकडा गेला असेच धरून चालावे.

कंपन्या स्वतः या आकड्यावर किती विश्वास ठेवतात? वॉरंटीचा कागद उघडून बघा. जवळजवळ सगळ्याच ठिकाणी पाण्याने झालेला बिघाड वॉरंटीत धरलेला नसतो. बऱ्याच फोनांत सिमच्या कप्प्याजवळ एक पांढरी पट्टी असते, पाणी लागले की ती लाल होते. सर्व्हिस सेंटरमध्ये आधी ती पाहतात. जाहिरातीत फोन तलावात आणि कागदावर मात्र 'पाण्याची जबाबदारी आमची नाही', ही विसंगती परदेशात सरकारी यंत्रणांनाही खटकली. ऑस्ट्रेलियातील ग्राहक आयोगाने २०१९ साली सॅमसंगला न्यायालयात खेचले. पोहण्याच्या तलावात आणि समुद्रात फोन वापरता येतो असे जाहिरातींतून सुचवले होते. प्रत्यक्षात तसा भिजलेला फोन ओला असतानाच चार्जिंगला लावला तर भोक गंजून बंद पडण्याची शक्यता होती, आणि हे कंपनीने पुढे मान्य केले. २०२२ च्या जूनमध्ये तिला एक कोटी चाळीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. इटलीच्या स्पर्धा आयोगाने त्याआधीच, २०२० च्या नोव्हेंबरात, अ‍ॅपलला एक कोटी युरोचा दंड केला होता. इतके मीटर, इतकी मिनिटे असे सांगायचे, पण ते प्रयोगशाळेतल्या स्थिर, शुद्ध पाण्याचे आहे हे स्पष्ट करायचे नाही आणि वर वॉरंटीही नाकारायची, हा आक्षेप होता. आपल्याकडच्या जाहिराती वाचताना हे दोन निकाल आठवावेत.

जुन्या वाचकांना २००३ सालचा नोकिया ११०० आठवत असेल. गावोगावच्या टपरीवर, ट्रकमध्ये, शेताच्या बांधावर तोच दिसायचा. आपल्या देशातली परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवून बनवलेला फोन म्हणून त्याची जाहिरात झाली. बटणांवर अखंड रबरी आवरण, त्यामुळे धूळ आत जात नसे, घामेजल्या हातातून निसटू नये अशी पकड आणि वर टॉर्च. भिजला तर मागचे झाकण काढायचे, बॅटरी बाहेर, सगळे उन्हात, संध्याकाळी फोन सुरू. आकड्याचा बडेजाव नव्हता. आजचा फोन पाण्यापासून वाचावा म्हणून चिकटवून बंद केला आहे आणि पाणी एकदा आत गेलेच तर तो आपल्याला उघडता येत नाही. ही अदलाबदल मला काही फार फायद्याची वाटत नाही.

तेव्हा त्या फोनमध्ये होते तरी काय, शे-दोनशे नंबर. आता बँक त्यात, ओटीपी त्यात, आधारची ओळख त्यात, गृहलक्ष्मीचे दोन हजार जमा झाल्याचा निरोप त्यात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आले आणि वाहतूक थांबली. इकडे दूधगंगा, तिकडे चिक्कोडी, रायबाग, अथणीच्या बाजूला कृष्णा, गोकाककडे घटप्रभा. अशा वेळी घरच्यांना 'आम्ही सुखरूप आहोत' एवढे कळवायलाही फोन लागतो आणि पाणी ओसरल्यावर बँकेच्या कामांनाही तोच. पाण्यात उभे राहायची वेळ ज्यांच्यावर येते त्यांच्या हातात बहुधा सगळ्यात स्वस्त, बिनआकड्याचा फोन असतो. चकचकीत ६८ वाला फोन असतो तो बंद काचेच्या मोटारीत बसणाऱ्याकडे. अलीकडे मधल्या किमतीच्या फोनांतही हे आकडे येऊ लागले आहेत, ही मात्र चांगली गोष्ट. आणि आकडा नाही म्हणजे फोन लगेच बिघडेल असेही नाही. पुष्कळ स्वस्त फोनांत रबराच्या कड्या असतात, फक्त परीक्षा घेऊन तो आकडा मिळवलेला नसतो.

तर त्या भगिनींना माझे सांगणे असे. मुलगा बसने कॉलेजला जाणार असेल तर ५४ किंवा ६४ पुष्कळ झाले, पाच हजार राखून ठेवावेत. तो फौंड्रीत, वखारीत, शेतात किंवा घरोघर सामान पोचवायच्या कामावर असेल तर मात्र पहिला आकडा ६ असलेला घ्यावा आणि त्यासाठी थोडे जास्त मोजायला हरकत नाही. ६८ आणि ६९ मधल्या फरकासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. त्यापेक्षा त्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर निपाणीत किंवा निदान बेळगाव-कोल्हापुरात आहे का आणि पडदा बदलायला किती पडतात, हे दुकानदाराला विचारावे. पाण्याचा बिघाड भरून देणारा विमा वेगळा मिळतो, त्याच्या अटी मात्र सही करण्याआधी वाचाव्यात.

फोन भिजलाच तर ताबडतोब बंद करावा. पाण्यापेक्षा, पाण्यातून वाहणारी वीज आतल्या तारा खाते. चार्जिंगला अजिबात लावू नये, केस वाळवायचे यंत्र मारू नये. भोक खाली करून तळहातावर हलकेच आपटावा आणि वाऱ्याला ठेवावा, पुरता वाळायला कधी कधी अख्खा दिवस लागतो. आपल्याकडे लगेच फोन तांदळाच्या डब्यात जातो. तो बेळगाव बासमती असो की रेशनचा, त्याने फोन लवकर वाळत नाही, उलट तांदळाची पूड आणि कण्या भोकात शिरतात. अ‍ॅपलनेही २०२४ मध्ये आपल्या ग्राहकांना तांदळात फोन ठेवू नका असे स्पष्ट सांगितले. सिम काढून घरातल्या जुन्या साध्या फोनमध्ये घालावे, म्हणजे बँकेचे निरोप तरी चुकत नाहीत.

नदीकाठच्या गावांतल्या वाचकांनी पावसाळ्याआधी एवढे करून ठेवावे. चेन लावून बंद होणारी, गळ्यात अडकवायची प्लॅस्टिकची पिशवी आणावी आणि फोनऐवजी आत कागदाचा तुकडा घालून बादलीत बुडवून बघावी. ओल्या पडद्यावर बोट आणि थेंब यांतला फरक फोनला कळत नाही, म्हणून आणीबाणीच्या कॉलची सोय बाजूच्या बटणावर लावून घ्यावी, घरातल्या पोरांना ती येते. आणि मुलाचा, लेकीच्या सासरचा, बँकेचा असे दहा-बारा नंबर कागदावर बॉलपेनने लिहून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावेत.