तोंडाचा वास : दोष पोटाचा नव्हे



तोंडाला वास येऊ लागला की आपण पहिला दोष पोटाला देतो. मग एरंडेल, चूर्ण सुरू होते आणि खिशात वेलची-लवंग येते. इथे क्लेमेंटीतल्या इमारतीखाली बसणारी चिनी, मलय, तमिळ म्हातारी मंडळीही पोटालाच दोष देतात. माझे मत स्पष्ट आहे : आधी तोंड उघडून पाहा. बहुतेक वेळा कारण तिथेच असते.

जिभेच्या मागच्या भागावर पांढरट थर साचतो. त्यातले जंतू अन्नाचे कण व मेलेल्या पेशी कुजवतात आणि गंधकाचे वायू तयार होतात. सडक्या अंड्याला येतो तोच हा वास. दुसरी जागा हिरड्यांची. दात घासताना रक्त येत असेल तर तिथे पू, किटण असू शकते. तिसरी जागा कवळी, विशेषतः रात्री न काढलेली. चौथे कारण कोरडे तोंड. लाळ रात्रंदिवस तोंड धूत असते. लघवी वाढवणाऱ्या, ॲलर्जीच्या, नैराश्याच्या काही गोळ्यांनी ती कमी होते. म्हणून गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

लसणाची गोष्ट वेगळी. त्याचा वास रक्तातून फुफ्फुसात येतो, म्हणून दात घासूनही जात नाही. वेळ गेला की आपोआप जातो.

घरगुती उपाय म्हणजे वास झाकणे नव्हे, कारण काढणे. जीभ घासायची पट्टी मागून पुढे हलक्या हाताने रोज फिरवा. दात दोनदा घासा. कवळी रात्री काढून मऊ ब्रशने, साध्या साबणाने धुवा आणि गार पाण्यात ठेवा. उकळते पाणी वापरू नका, ती वाकडी होते. डॉक्टरांनी पाणी मोजून दिले नसेल तर दिवसभर घोट घोट प्या. जेवणानंतर खळखळून चूळ भरा. बडीशेप चघळल्याने लाळ सुटते, एवढाच तिचा उपयोग.

तेलाच्या गुळण्यांबद्दल विचारणा होते. तेल अवीव विद्यापीठाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मेल रोझेनबर्ग यांनी तोंडाच्या वासाचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि तेल व पाणी एकत्र असलेले चूळ भरायचे औषध तयार केले. तेलाच्या थेंबांना जंतू चिकटून बाहेर पडतात, हे त्यामागचे तत्त्व. कोकणात ज्यांना शनवार तेली म्हणत, त्यांच्या नातवंडांना याचे कौतुक वाटेलच! पण तेल हे जोडीला, दात घासण्याऐवजी नव्हे. ज्यांना गिळताना ठसका लागतो त्यांनी ते टाळावे. आणि मशेरी सोडाच. ती तंबाखूच आहे; दात स्वच्छ होत नाहीत, कर्करोगाचा धोका मात्र वाढतो.

दोन-तीन आठवडे नीट काळजी घेऊनही वास राहिला, तर दातांच्या डॉक्टरांकडे जा. सिंगापूरच्या पायोनिअर व मर्डेका पिढीच्या नागरिकांना चास योजनेतल्या दवाखान्यांत दातांच्या उपचारांना सवलत आहे, ती वापरा. तीन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम दाखवाच. मधुमेही माणसाच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येऊन उलट्या, फार तहान किंवा गुंगी असेल, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. लघवीसारखा वास मूत्रपिंडाच्या आजारात येऊ शकतो.

आता मनातले बोलते. आपले नाक आपल्याच वासाला सरावते, म्हणून ज्याला वास येतो त्याला ते कळत नाही. नातवंड मांडीवरून उठते, प्रार्थनालयात शेजारचा माणूस एक खुर्ची सोडून बसतो. कोणी काही बोलत नाही आणि म्हातारा माणूस समजतो, आपण आता कोणाला नकोसे झालो. परिचारिका म्हणून मी असे एकटे पडलेले पुष्कळ रुग्ण पाहिले. कित्येकांना जीभ आणि कवळी नीट धुण्यापलीकडे काही लागत नव्हते. आपण गप्प राहतो ते भिडेपोटी. पण त्या भिडेची किंमत समोरचा माणूस मोजतो. सांगायचे ते चारचौघांत नको, एकांतात आणि उपायासकट सांगा.

आणि आपल्याबद्दल शंका असेल तर येत्या शुक्रवारी शब्बाथचे दिवे लावण्याआधी घरच्या एका माणसाला जवळ बसवून विचारा, "खरे सांग, माझ्या तोंडाला वास येतो का?" उत्तर काहीही आले तरी रागावू नका.