मांजर आहे, ओकणारच?

"मांजर आहे, ओकणारच," असं अम्मी म्हणायची. कधीमधी केसांचा गोळा पडला आणि मांजर लगेच खायला-खेळायला लागलं, तर ते खरंही आहे. पण आमची मन्नी दिवसात पाचदा ओकली, पोटात पाणी ठरेना, कपाटाखाली जाऊन बसली. तरी मी रात्रभर थांबलो. सकाळी डॉक्टरांनी तिची जीभ उचलून दाखवली. शिलाईचा दोरा मुळाशी अडकला होता, दुसरं टोक आतड्यात. तो ओढला असता तर आतडं फाटायची भीती होती. ऑपरेशन झालं, मन्नी वाचली.

मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण लहानपणीच ऐकतो. म्हणून खाऊ घालतो, आणि तेवढ्यालाच सांभाळणं समजतो. डॉक्टरच्या फीचा विषय निघाला की "जनावरच तर आहे" सुरू. (मीही त्यातलाच होतो.) वारंवार उलटी, उलटीत रक्त, सुस्ती, दिवसभर खाणं बंद, यातलं एकही दिसलं तर थांबू नये. पिल्लू असेल तर अजिबातच नाही. बोका ओकतोय आणि त्याला लघवीही होत नाही, तर त्याच रात्री न्या. आणि घरातली पॅरासिटामॉल देऊ नका, मांजराला ती विष आहे.