आमच्याकडे तर नीट चालतंय!

जगातलं सर्वांत निर्दयी वाक्य कोणतं, असं कुणी विचारलं, तर ‘चार नंबरच्या खिडकीवर जा’ हे उत्तर मी देणार नाही. ते मी स्वतः रोज पन्नासदा म्हणतो, आणि मी काही निर्दयी नाही. सर्वांत निर्दयी वाक्य म्हणजे, ‘आमच्याकडे तर नीट चालतंय!’

हे वाक्य ऐकलं की तक्रार करणारा मनुष्य एका क्षणात आरोपी होतो. माझी स्कूटर घरापासून नाक्यापर्यंत पत्र्याच्या डब्यासारखी वाजते. मेकॅनिकच्या दारात पाऊल टाकताच ती नव्या सुनेसारखी गप्प! मेकॅनिक स्कूटरकडे बघत नाही, माझ्याकडे बघतो.

माझा भाचा कॉम्प्युटरवाला आहे. मी बी. कॉम.; त्यामुळे आमच्यात समान विषय म्हणजे जेवण. पण एकदा तो म्हणाला, “मामा, एक गोष्ट सांगतो. तुमच्या लेजरसारखीच आहे.” मी कान टवकारले.

लिनक्स नावाची एक प्रणाली आहे. तिची २.६.१९ ही आवृत्ती २९ नोव्हेंबर २००६ रोजी निघाली. थोड्याच दिवसांत लोक ओरडू लागले, की फायली बिघडताहेत. इंटरनेटवरून तुकड्यातुकड्यांनी उतरवलेली फाईल पूर्ण दिसते, पण तपासली की मधले तुकडे गायब! गंमत म्हणजे पुष्कळांकडे सगळं सुरळीत चालू होतं. म्हणजे आमचं निर्दयी वाक्य तयारच!

आता हे कसं होत होतं ते माझ्या भाषेत सांगतो. कॉम्प्युटर आधी मेमरीतल्या पानावर लिहितो आणि सवडीनं डिस्कवर चढवतो. आपण नाही का, आधी कच्चं लिहून मग लेजरला पोस्टिंग करत? जे पान चढवायचं बाकी आहे, त्यावर ‘बाकी’ अशी खूण. पण पानाच्या आत लहान कप्पे असतात आणि त्यांच्याही स्वतंत्र खुणा असतात. फाईल सांभाळणारं खातं कधीकधी आपल्या सोयीनं कप्पे परस्पर चढवून त्यांच्या खुणा पुसून टाकी. तेवढ्यात पानावर नवा मजकूर आला, तर त्याची खबर पानाला लागे, कप्प्यांना नाही. मग पान चढवायची पाळी आली, की पान म्हणे ‘बाकी आहे’, कप्पे म्हणत ‘आमचं सगळं झालंय’. झालं! काही न लिहिताच पानाची खूण पुसली जाई. दोन खाती, दोघांचीही वही चोख, आणि मधल्यामधे मजकूर बुडाला. सरकारी कचेरीत ज्याचं काम असतं त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

पण खरी मेख पुढेच आहे. मेमरी भरपूर असेल तर ते पान मेमरीतच राहतं. विचारलं, की बरोबर उत्तर येतं. मेमरी अपुरी पडली, की ‘याचं काम झालंय’ म्हणून पान फेकलं जातं, मग डिस्कवरून परत आणलं जातं, आणि डिस्कवर तर काहीच नसतं! म्हणजे ज्याच्याकडे ऐसपैस जागा, त्याच्याकडे नीट चालतंय. अडचणीत राहणाऱ्याचंच नुकसान, आणि खोटाही तोच!

यावर लिनक्सचे जनक लायनस टोर्वाल्ड्स यांनी काय केलं? त्यांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला. मोठ्या फाईलमध्ये १४६० बाइटांचे तुकडे उलटसुलट क्रमानं लिहायचे, मग सगळे तपासायचे. मेमरी टंचाईत ठेवून तो चालवला, की चोरी हमखास पकडता येते. ‘तुमच्याकडे होतं ना? मग माझ्याकडेही होईपर्यंत मी माझं यंत्र छळतो’, अशी ही वृत्ती. २९ डिसेंबर २००६ रोजी दुरुस्ती झाली. एक महिना!

हे ऐकून मी गप्प झालो. कारण साधारण त्याच सुमारास मी बँकेत नवा होतो, आणि आमच्या शाखेत अजून लेजरं होती. एक तारखेला पेन्शनरांची ही गर्दी! एक काकू म्हणाल्या, सातशे रुपये भरले ते खात्यात नाहीत. पावती हरवलेली. आमची टॅली तर पैशाला पैसा जुळत होती. मी म्हणालो, “काकू, आठवून बघा. घरीच राहिले असतील.” काकू काही बोलल्या नाहीत. फक्त त्या दिवसापासून स्वतःच्या आठवणीबद्दल त्यांना शंका वाटू लागली, हे मला पुढे कळलं.

आमचे हेडक्लार्क मात्र खट. त्यांनी मला अर्ध्या टेबलावर बसवलं, पन्नास जुनी व्हाउचरं दिली, आणि दोन शिपायांना माझ्या कानाशी भांडायला सांगितलं. बत्तिसाव्या व्हाउचरला मी एकाच आडनावाच्या दुसऱ्या खात्यात रक्कम चढवली! रिकाम्या दुपारी मी कधीच चुकलो नसतो. सातशे रुपये त्याच शेजारच्या खात्यात सापडले. बेरीज जुळणारच होती. पैसा बँकेतच होता, फक्त काकूंचा नव्हता.

तुम्ही म्हणाल, प्रत्येक तक्रारीसाठी कुणी स्वतःचं टेबल अर्धं करायचं? मी म्हणतो, ते जमत नसेल तर निदान ‘आठवून बघा’ म्हणू नका. ‘मला अजून दिसलं नाही’ आणि ‘असं होतच नाही’ या दोन वाक्यांत सातशे रुपयांचा फरक आहे.

परवा मेकॅनिक पुन्हा म्हणाला, “साहेब, नीट चालतेय.” मी त्याच्यामागे सौभाग्यवतींना बसवलं, पुढे गिरणीतून आणलेलं दहा किलो पीठ ठेवलं आणि म्हटलं, “आता नाक्यापर्यंत जाऊन ये.”

तो परत येण्याआधीच आवाज ऐकू आला.