चारशे सीसी पुरे, पण आधी हिशेब!

कॉलेजच्या पार्किंगमध्ये एक वाद कायम रंगलेला असतो. साडेतीनशे की चारशे? एका बाजूला क्लासिक, हंटर, सीबी ३५० आणि दुसऱ्या बाजूला ट्रायम्फची स्पीड ४००. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही तो सगळ्यात मोठ्याने बोलतो. माझ्याकडेही काहीच नाही, म्हणून हा लेख.

माझं मत आधीच सांगून टाकते. रोज कॉलेज-ऑफिस आणि महिन्यातून एक-दोनदा घाट किंवा कोकण, असं तुमचं आयुष्य असेल तर स्पीड ४०० ही आजची सगळ्यात समजूतदार बाइक आहे. पण ती घेणं समजूतदारपणाचं आहे का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर तुमच्या बँक खात्यात आहे.

नाव ब्रिटिश असलं तरी ही गाडी बनते आपल्या चाकणला, बजाजच्या कारखान्यात. जुलै २०२३ मध्ये ती आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत होती २ लाख ३३ हजार, आणि पहिल्या दहा हजार ग्राहकांना त्यातही दहा हजार कमी. ३९८ सीसीचं इंजिन, ४० पीएसची ताकद, सहा गिअर, वजन १७० ते १८० किलोच्या दरम्यान. क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो आणि ताकद वीसच्या आसपास. म्हणजे गाडी हलकी आणि जोर जवळपास दुप्पट.

आता तुम्ही म्हणाल, एवढा जोर हवाय कशाला? प्रश्न बरोबर आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी. समृद्धीवर बंदी. अटल सेतूवर बंदी. मुंबईच्या कोस्टल रोडवरही बंदी. जिथे गाडी पळवता येईल असे सगळे गुळगुळीत रस्ते आपल्याला बंद आहेत. चौपदरी महामार्गावर केंद्राच्या नियमानुसार दुचाकीची मर्यादा ताशी ८० किलोमीटर. त्यामुळे रीलमध्ये स्पीडोमीटरचा १४० चा आकडा दाखवणाऱ्या पोरांचं सोडून द्या, त्याचा आपल्या निवडीशी संबंध नाही.

जोर लागतो तो ताम्हिणीत. पुढे लाल एसटी, तिच्यापुढे विटांचा ट्रक, मागे मैत्रीण आणि दोघींच्या बॅगा, आणि सरळ रस्ता मिळणार जेमतेम शंभर-दीडशे मीटर. तिथे साडेतीनशेची गाडी विचार करते, चारशेची निघून जाते. ओव्हरटेकला जितका वेळ कमी लागतो तितका वेळ तुम्ही समोरच्या लेनमध्ये कमी असता. माझ्या मते ताकदीचं खरं मोल एवढंच.

साडेतीनशेवाल्यांचं म्हणणंही खोटं नाही. क्लासिकचा जोर खालच्या आरपीएमलाच मिळतो, साधारण ४००० ला. स्पीडचा ६५०० ला. म्हणून सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये क्लासिक दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर निवांत रांगते आणि स्पीडवर गिअर जरा जास्त बदलावे लागतात. शिवाय क्लासिक दुरुस्त करणारा माणूस जवळपास कुठल्याही तालुक्याच्या गावी सापडतो. ट्रायम्फसाठी शहर गाठावं लागतं. मात्र तिची पहिली सर्व्हिसिंग झाली की पुढची थेट १६ हजार किलोमीटरवर किंवा वर्षाने, यातलं जे आधी येईल तेव्हा. टायर ट्यूबलेस. पावसात आंबोलीला पंक्चर झालं तर या एका शब्दाची किंमत कळते.

टूरिंगसाठी काही उणिवा आहेतच. गाडी नेकेड आहे, त्यामुळे समोरचा वारा सरळ छातीवर येतो. टाकी १३ लिटरची. लिटरला तीसच्या आसपास धरलं तर पुण्याहून गोव्याला जाताना एकदा पंपावर थांबावंच लागेल. (थांबावंही. कंबर आपली आहे.)

मुलींसाठी एक गोष्ट मुद्दाम. सीट फार उंच नाही. मी पाच फूट दोन इंच आहे आणि दोन्ही पायांचे चवडे टेकतात. तरीही एका शोरूममध्ये सेल्समनने सगळी माहिती माझ्याकडे न बघता सोबत आलेल्या मित्राला दिली, ज्याला स्कूटरसुद्धा नीट येत नाही. दुर्लक्ष करा आणि टेस्ट राइड मागा. पण गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत, अशी नको. पक्कं लायसन्स घेऊन जा, मागे कुणाला तरी बसवा, ट्रॅफिकमध्ये घाला, अरुंद रस्त्यात यू-टर्न घ्या.

आता हिशेब, म्हणजे माझा खरा राग. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याच्या वरच्यांवर तो ४० टक्के झाला. क्लासिक ३४९ सीसी, स्पीड ३९८. फरक ४९ सीसीचा, आणि कराच्या टक्क्यांत दुपटीहून जास्त! बाराशे सीसीपर्यंतची चार मीटरहून छोटी पेट्रोल कार १८ टक्क्यांत बसते आणि दोन-अडीच लाखांची बाइक कोल्ड्रिंक आणि आलिशान गाड्यांच्या रांगेत. कंपनीने भार स्वतः उचलला किंवा किंमत वाढवली, तरी नियम विचित्रच राहतो. इंजिनाच्या आकारावरून श्रीमंती मोजायची ही पद्धत जुनाट आहे आणि तिचा फटका नव्याने कमावणाऱ्यांना बसतो.

विम्यातही हीच रेषा आहे. नव्या दुचाकीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा १५० ते ३५० सीसीपर्यंत ७,३६५ रुपये आणि त्यावर १५,११७. आरटीओ आणि विमा मिळून एक्स-शोरूम किमतीवर पंचेचाळीस-पन्नास हजार सहज चढतात.

दोन लाखांचं कर्ज, दहा टक्के व्याज आणि तीन वर्षं धरली तर हप्ता महिन्याला साडेसहा हजारांच्या जवळ जातो. रोज तीस किलोमीटर फिरलात तर पेट्रोलचे अडीच हजार. झाले नऊ हजार, अजून ढाब्यावर चहासुद्धा प्यायला नाहीत. माझ्या स्टायपेंडचा आकडा इथे लिहीत नाही, संपादक वाचतात. पण बाबांच्या पीएफमधून पैसे काढून गाडी घेण्याची कल्पना ज्यांच्या डोक्यात आहे, त्यांनी ती कृपया तिथेच ठेवावी. पहिला पगार सुरू होऊ दे, चार-सहा महिने हप्त्याएवढी रक्कम बाजूला टाकून बघा. जमलं तर शोरूम कुठे पळून जात नाही.

तोवर दोन गोष्टी घ्याच: मापाचं आयएसआय हेल्मेट आणि ग्लव्ह्ज. गाडी बदलली तरी ते तुमचेच राहतात.

आणि सेकंडहॅण्डचा पर्याय आहे. २०२३ मध्ये हौसेने घेतलेल्या बऱ्याच गाड्या आता विकायला निघतायत. सर्व्हिस रेकॉर्ड मागा, चेन आणि स्प्रॉकेट बघा, हॅण्डल सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, ते मोकळ्या मैदानात तपासा. मालक म्हणाला, ‘फक्त कॉलेजला नेली’, तर किलोमीटरचा आकडा एकदा नीट वाचा.