टोपीचे मोल आणि ठेव्याची जबाबदारी

बेल्हे (ता. जुन्नर) : येथील सोमवारच्या बैलबाजारात जनावराचा भाव दात, खांदा आणि चाल पाहून ठरतो. घेणारा आणि देणारा दोघेही जाणकार असल्याने फसगतीला वाव कमी. पण वापरून जुनी झालेली लोकरीची एक टोपी अडीच कोटींहून अधिक रुपयांना विकली जाते, तेव्हा भावाचा निकष कोणता, हा प्रश्न गावच्या पारावरही विचारला जाणे स्वाभाविक आहे.

ही टोपी सर डोनाल्ड ब्रॅडमन यांची. १९४७-४८ मध्ये स्वतंत्र भारताचा संघ पहिल्यांदाच परदेश दौऱ्यावर ऑस्ट्रेलियात गेला. मालिका आपण ०-४ अशी गमावली. ब्रॅडमन यांनी ७१५ धावा केल्या, तर विजय हजारे यांनी अ‍ॅडलेड कसोटीच्या दोन्ही डावांत शतके झळकावली. त्याच दौऱ्यात ब्रॅडमन यांनी आपली हिरवी टोपी महाराष्ट्राकडून खेळणारे रंगा सोहोनी यांना भेट दिली. सोहोनी कुटुंबाने ती सुमारे पाऊणशे वर्षे जपली. जानेवारी २०२६ मध्ये ऑस्ट्रेलियातील लिलावात तिला ४ लाख ६० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. याच मालिकेतील ब्रॅडमन यांच्या आणखी एका टोपीला डिसेंबर २०२४ मध्ये शुल्कासह ४ लाख ७९ हजार ७०० डॉलर मिळाले होते.

अमेरिकेतील बेसबॉलच्या तुलनेत हे आकडे किरकोळच. बेब रूथ यांनी १९३२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये घातलेला अंगरखा ऑगस्ट २०२४ मध्ये २ कोटी ४१ लाख अमेरिकन डॉलरना विकला गेला. तो त्याच सामन्यातील असल्याची खात्री जुन्या छायाचित्रांशी ताडून करण्यात आली होती. थोडक्यात, किंमत कापडाची नसते. त्यामागच्या पुराव्याची असते.

अशा प्रत्येक विक्रीनंतर संग्राहकांत दोन सूर उमटतात. भाव चढला की माळ्यावर धूळ खात पडलेल्या वस्तू जपल्या जातात, असे एक पक्ष म्हणतो. दुसऱ्याला चिंता वाटते ती पगारातून पैसे बाजूला काढून संग्रह करणाऱ्याची. त्याच्या हातून हा छंद निसटतो आणि वस्तू गुंतवणूकदाराच्या तिजोरीत बंद होतात. बनावट वस्तूंचा सुळसुळाटही चढ्या भावामागोमाग येतो.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र गाजलेल्या आकड्यांना बाजारभाव समजण्याची चूक करू नये. शेन वॉर्न यांच्या टोपीला जानेवारी २०२० मध्ये दहा लाखांहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर आले, ते वणवाग्रस्तांच्या मदतीसाठी. महेंद्रसिंग धोनी यांच्या २०११ च्या विश्वचषक अंतिम सामन्यातील बॅटला लंडनमध्ये मिळालेले एक लाख पौंडही धर्मादाय कार्यासाठीच होते. तेथे वस्तूबरोबर औदार्याचीही किंमत मोजली गेली.

खरा प्रश्न आपल्याकडचा आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचे संरक्षण सर्वसाधारणपणे शंभर वर्षे जुन्या वस्तूंना मिळते. हस्तलिखितांसाठी ही अट पंचाहत्तर वर्षांची आहे. १९४७ ची टोपी या व्याख्येत बसायला अजून दोन दशके हवीत. त्यामुळे विसाव्या शतकातील क्रीडावारसा कायद्याच्या कक्षेबाहेरच राहतो. कुटुंबाने आपली मालमत्ता विकली म्हणून त्याला दोष देता येणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या सांभाळ करण्याचा भार एकट्या घराने का वाहावा? पुण्यात खासगी पुढाकारातून क्रिकेट संग्रहालय उभे राहिले आहे. अशा प्रयत्नांना सार्वजनिक निधीची, किमान वस्तूंच्या नोंदणीची जोड मिळाली, तर विक्रीपूर्वी त्यांचा तपशील तरी आपल्याकडे उरेल.

जुन्नर तालुक्यात घराघरांत शर्यतीच्या ढाली, आखाड्यातील गदा, जुनी छायाचित्रे आहेत. लंडन वा सिडनीतील लिलावात त्यांना बोली लागणार नाही. पण ही ढाल कोणत्या घाटात, कोणत्या साली, कोणाच्या बैलजोडीने जिंकली, हे आज सांगणारे वडीलधारे आहेत. ते लिहून ठेवण्यास कोट्यवधी रुपये लागत नाहीत. ते लिहिले गेले नाही, तर उद्या ढाल उरेल आणि तिचे मोल मात्र हरवलेले असेल.